उष्ट्या तेलाचा धर्म

युरोपातल्या डिझेल पंपांवर ऑक्टोबर २०१८पासून एक चौकोनी खूण दिसते: बी-७. नळीतून येणाऱ्या इंधनात जास्तीत जास्त ७ टक्के भाग वनस्पतितेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून केलेल्या बायोडिझेलचा असू शकतो, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे पंपावर अशी खूण नसली तरी दिशा तीच आहे. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० सालापर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आणि बीएस-६ डिझेलच्या मानकानेही ७ टक्क्यांपर्यंत मुभा दिली. गाडीवाल्याचा प्रश्न सरळ असतो, माझ्या इंजिनाला हे चालेल का? त्याचे उत्तर चांगला मेकॅनिक देईल. इथे विचार करायचा आहे तो दुसऱ्या प्रश्नाचा. हे मिश्रण ‘हरित’ म्हणून खपवले जाते, म्हणजे त्यात थोडे पुण्य मिसळलेले आहे असे विकणारा सुचवतो आणि घेणारा मानतो. पण पुण्याची अशी टक्केवारी निघते का? आणि त्या ७ टक्क्यांसाठी कुठे जंगल जळले असेल तर त्या पापाचेही सात हिस्सेच आपल्या टाकीत येतात, की ते सगळेच्या सगळे येते? माझे म्हणणे असे की मिसळल्याने जबाबदारी पातळ होत नाही. इंधन धर्म्य की अधर्म्य हे त्यातल्या प्रमाणावरून ठरत नाही; ते तेल जाळण्याआधी कोणाच्या वाटणीचे होते, यावरून ठरते.

कल्पना जुनी आहे. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते आणि ते पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात आले, असे रुडॉल्फ डिझेलने पुढे १९१२ साली सांगितले. त्या प्रयोगामागे फ्रेंच सरकारची इच्छा होती. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग अमाप पिकतो, तर तिथली यंत्रे तिथल्याच तेलावर चालावीत, हा हिशोब. म्हणजे यंत्राला शेतातले तेल पाजण्याचा विचार जन्मला तोच मुळी दुसऱ्याच्या शेताकडे बघत. आजचे बायोडिझेल कच्चे वनस्पतितेल नसते. कच्चे तेल दाट असते, म्हणून त्यात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून त्याचे रेणू फोडतात. खाली ग्लिसरीन बसते आणि वर पातळ मिथिल एस्टर राहते, तेच बायोडिझेल. १०० किलो तेलाला साधारण १० किलो मिथेनॉल लागते, आणि मिथेनॉल बहुधा नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनते. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ इंधनाच्या पोटातही जमिनीखालचा कार्बन थोडा असतोच. शुद्धतेचा दावा इथेच डळमळतो, पण तो मुद्दा किरकोळ आहे.

इंजिनाचा प्रश्न बाजूला ठेवायचा म्हटले तरी त्यातले एक गुंतागुंतीचे सत्य नोंदवलेच पाहिजे, कारण ते नैतिकही आहे. जुनी, ढोबळ डिझेल इंजिने बरेच काही पचवत. आधुनिक गाडीत इंधन दोन हजार बारच्या आसपासच्या दाबाने केसाहून बारीक छिद्रांतून फवारले जाते आणि धुरातली काजळी पकडायला एक्झॉस्टमध्ये गाळणी बसवलेली असते. गाळणी भरली की इंजिन सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जादा इंधन सोडते. ते एक्झॉस्टमध्ये जाऊन जळते आणि तिथले तापमान सहाशे अंशांच्या घरात नेऊन काजळी भस्म करते. साध्या डिझेलचा बराच भाग या वेळी वाफ होऊन निघून जातो. बायोडिझेलचा उत्कलनबिंदू वरचा, त्यामुळे त्याचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळतो आणि तिथेच राहतो. प्रमाण जितके जास्त, तितके ऑइल लवकर पातळ. शिवाय बायोडिझेल पाणी शोषते, साठवणीत लवकर बिघडते आणि पामतेलाचे असेल तर थंडीत गोठू लागते. ७ टक्क्यांची मर्यादा या सगळ्यातून आली आहे. आता यातला पेच पाहा. गाळणी बसवली ती शहरातल्या माणसाच्या फुप्फुसासाठी. बायोडिझेल आणले ते हवामानासाठी, म्हणजे दूरच्या आणि अजून न जन्मलेल्या माणसासाठी. जवळच्याचे भले करणारे यंत्र दूरच्याचे भले करू पाहणारे इंधन नाकारते. धर्मसंकट म्हणतात ते असेच असते: दोन्ही बाजूंना कर्तव्य, आणि दोन्ही एकदम पाळता येत नाहीत.

हा पेच रसायनशास्त्राने जवळजवळ सोडवला आहे, आणि सोडवल्यावरच मूळ प्रश्न उघडा पडला. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून जे ‘रिन्यूएबल डिझेल’ बनते ते रासायनिकदृष्ट्या साध्या डिझेलसारखेच हायड्रोकार्बन असते. ते पुष्कळ आधुनिक गाड्यांत शंभर टक्केही चालते. म्हणजे उद्या इंजिनाची कोणतीच हरकत उरली नाही, तर आपण किती जाळावे? सात, चाळीस की शंभर? इंडोनेशियाने २०२०मध्ये ३० टक्के मिश्रण सक्तीचे केले आणि २०२५मध्ये ते ४०वर नेले. यंत्राने घातलेली मर्यादा हटली की माणसाने स्वतःला काही मर्यादा घालायची असते की नाही, हा प्रश्न कारखान्यात सुटत नाही.

इथे एक जुनी यादी उपयोगी पडते. जैन श्रावकाने कोणते धंदे करू नयेत याची पंधरा ‘कर्मादानां’ची परंपरा आहे, बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त ती तपशिलाने मांडली. तिच्यात वनकर्म आहे, म्हणजे जंगल तोडून उपजीविका करणे. दवदान आहे, म्हणजे रान पेटवणे. सरःशोष आहे, म्हणजे तळी आणि पाणथळी आटवणे. यंत्रपीडन आहे, म्हणजे घाण्यासारख्या यंत्रात बिया पिळणे. आणि शकटकर्म, गाड्यांचा व्यवसाय, तोही आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या गुजरातेत ही यादी लिहिणाऱ्यासमोर सुमात्रा किंवा बोर्निओ नव्हते. पण पामतेलाच्या बायोडिझेलची सगळी साखळी तिच्यात ओळीने सापडते. इंडोनेशियातल्या पीट जमिनी म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली कुजत साचलेला वनस्पतींचा थर. पामतेल देणारा ताड लावण्यासाठी चर खणून त्यातले पाणी काढतात. कोरडा पडलेला थर हळूहळू कार्बन सोडत राहतो आणि पेटला तर महिनोन्‌महिने धुमसतो. २०१५च्या आगींत तिथली सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली आणि धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पसरला. त्या सगळ्या आगी ताडासाठी लावलेल्या नव्हत्या, आणि ताडाचे सगळे तेल इंधनात जात नाही. तरीही पाणी काढण्याची आणि आग लावण्याची कारणे शोधत गेले, तर त्यांत ताडाची लागवड ठळकपणे येते.

२००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी या हानीला ‘कार्बनचे कर्ज’ म्हटले आणि ते फिटायला लागणारी वर्षे मोजली. आग्नेय आशियातले साधे वर्षावन तोडून पामचे बायोडिझेल केले तर सुमारे ८६ वर्षे, पीट जमिनीवरचे वन असेल तर सुमारे ४२३ वर्षे. तेवढा काळ ती गाडी साध्या डिझेलवर चालली असती तर हवेचे कमी नुकसान झाले असते. शास्त्रज्ञांनी हिशोबासाठी घेतलेला कर्जाचा शब्द आपल्या विचारपरंपरेत फार खोल रुजलेला आहे. माणूस जन्माला येतो तोच ऋण घेऊन, ही कल्पना. पण तिथे दिशा उलटी आहे. पूर्वजांचे आपण देणे लागतो आणि ते पुढच्या पिढीला वाढवून फेडतो. इथे आपण टाकी भरतो आणि फेडण्याचे काम पंधराव्या पिढीवर टाकतो. असे कर्ज काढणाऱ्याला पुण्यवान म्हणायला कोणतेच शास्त्र धजणार नाही.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: यात गाडीवाल्याचा काय दोष? त्याने जंगल तोडले नाही. पंपावर जे मिळाले ते त्याने भरले. पतंजलींच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. मनुस्मृतीत प्राण्याच्या हत्येबद्दल याहूनही बारीक वाटणी आहे. अनुमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा, सगळेच घातक. ज्या ग्रंथाचे १९२७ साली महाडला दहन झाले त्याचा दाखला अधिकार म्हणून द्यावा असे मला वाटत नाही. त्या दहनाची कारणे आजही खरी आहेत. पण साखळीतल्या कोणालाही हात झटकू न देणारी ही मांडणी आजच्या बाजाराला चपखल बसते, म्हणून ती घेतली. युरोपात जैवइंधनाचा हिशोब वस्तुमान-ताळेबंदाने ठेवतात. चांगल्या आणि वाईट स्रोताचे तेल एकाच टाकीत मिसळले तरी चालते. कागदावर चांगल्याचे जितके टन आले तितके टन ‘चांगले’ म्हणून विकता येतात, प्रत्यक्ष थेंब कोणत्या गाडीत गेला याला महत्त्व नाही. व्यापाराला हे सोयीचे आहे. नीतीला नाही, कारण त्यात पुण्य एका खात्यावर जमा होते आणि पाप कोणाच्याच खात्यावर जात नाही.

तरीही गाडीवाल्याला अपराधी ठरवून सोडून देणे हा काही विचार झाला नाही. परंपरेने रोजच्या अटळ हिंसेचा विचार ‘पंचसूना’ या कल्पनेतून केला. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच जागी गृहस्थाच्या हातून रोज जीव मरतात. यावर उपाय म्हणून चूल बंद करायला सांगितलेले नाही, आणि ‘ही चूल शुद्ध’ असा शिक्का मारायलाही सांगितलेले नाही. सांगितले ते असे की रोज दुसऱ्यांचा वाटा बाजूला काढ: अभ्यासासाठी, पितरांसाठी, देवांसाठी, मुक्या जिवांसाठी, दारी आलेल्या पाहुण्यासाठी. हिंसा नाकारायची नाही, ती मोजून संपवायचीही नाही. ती कबूल करायची आणि दुसऱ्याचे आधी बघायचे. डिझेल गाडी चालवणाऱ्याची स्थिती हीच आहे. जमिनीखालचे तेल जाळले तरी हिंसा, शेतातले जाळले तरी हिंसा. मग विचारायचे ते एवढेच, की वाट्याचा क्रम पाळला गेला का.

दुसरा आक्षेप परंपरेच्या आतून येतो. आपण तर तेल-तूप शतकानुशतके जाळत आलो. देवापुढे समई, दीपमाळा, होमात तुपाची धार. मग इंजिनात जाळले तर बिघडले काय? इथे फरक दोन आहेत. होमात टाकणारा ते ‘माझे नाही’ म्हणून टाकतो, निदान तशी भाषा तरी करतो. इंजिन जाळते ते आपण पुण्याहून कोल्हापूरला लवकर पोहोचावे म्हणून. दुसरा फरक प्रमाणाचा: एका घरातली समई वर्षभर तेवली तरी एक मालवाहू ट्रक काही दिवसांत जाळतो तेवढे तेल लागणार नाही. आणि खरे सांगायचे तर भुकेल्यासमोर तूप जाळण्यावरही आपल्याकडे आक्षेप घेतले गेलेच आहेत. ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न हा पहिला धर्म सांगितला, तिथे होमाच्या नावाने अन्नाचे इंधन करण्याचे समर्थन करणे कठीण आहे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक विशेष प्रतिनिधी जाँ झिग्लर यांनी खाण्याची पिके इंधनाकडे वळवणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे असे म्हटले होते. शब्द जहाल होते. पण पुढच्याच वर्षी जगभर धान्याचे भाव भडकले, आणि भाववाढीच्या अनेक कारणांत जैवइंधनही होते.

भारतात याचा प्रत्यक्ष अनुभव २०२२मध्ये आला. इंडोनेशियाने २८ एप्रिलला पामतेलाची निर्यात थांबवली आणि २३ मेपर्यंत ती बंद ठेवली. कारण त्यांच्याच देशात खाण्याचे तेल महागले होते. आपण खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आयात करतो आणि जगात सर्वाधिक पामतेल आपणच घेतो. फरसाण, बिस्किटे, खानावळीतली भाजी यांत ते असते, आणि ते बहुतेक गरिबाच्या पोटात जाते. जकार्ताच्या पंपावर मिश्रण तीसवरून चाळीसवर गेले की तितके तेल निर्यातीतून वजा होते, आणि त्याचा चटका नागपूरच्या किंवा सोलापूरच्या कढईला बसतो. इंडोनेशियातल्या शेतकऱ्याला मात्र यासाठी दोष देता येत नाही. ताडाखालच्या जमिनीपैकी सुमारे चाळीस टक्के लहान शेतकऱ्यांकडे आहे, आणि ‘आधी स्वतःची जंगले तोडून श्रीमंत झालेला युरोप आता आम्हाला शिकवतो’ ही त्यांची तक्रार खरी आहे. म्हणूनच जबाबदारी जाळणाऱ्याकडे अधिक जाते, पिकवणाऱ्याकडे कमी.

तिसरा आक्षेप: खाण्याचे तेल नको, तर पडीक जमिनीवर अखाद्य तेल पिकवू. हा मार्ग आपण चालून पाहिला आहे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, मोठी मोहीम सुचवली. २००९च्या धोरणाने २०१७पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. झाड जगले, कारण ते कुठेही जगते, गुरेही त्याला तोंड लावत नाहीत. पण पाणी आणि खत नसेल तर ते बी फारसे देत नाही, आणि पाणी-खत द्यायचेच असेल तर शेतकरी ज्वारी लावेल. शिवाय सरकारी कागदावरची पडीक जमीन गावात पडीक नसते. ते गायरान असते, तिथे शेळ्या चरतात, सरपण गोळा होते, भूमिहीनाचा संसार त्यावर अर्धा चालतो. वीस टक्क्यांचे लक्ष्य २०१८मध्ये पाचवर आले, आणि आज प्रत्यक्षात देशभर मिश्रण एका टक्क्यालाही पोहोचत नाही.

मग बायोडिझेल मुळातच सोडून द्यावे का? मला तसे वाटत नाही. एक तेल असे आहे की ज्याने आपला वाटा आधीच दिलेला असतो: तळून झालेले तेल. आपल्या धर्मविचारात उष्टे ही अपवित्र वस्तू. पण अथर्ववेदात ‘उच्छिष्ट’ या नावाने एक अख्खे सूक्त आहे आणि त्यात सारे विश्व त्या उरलेल्या भागावर उभे असल्याची कल्पना आहे. या दोन टोकांच्या मध्ये समाजाचे वास्तव आहे. उष्टे नेहमी खालच्याला दिले गेले. ज्यांना ते खावे लागले त्यांच्यासाठी तो अपमान होता, आणि महाराष्ट्रात हे विसरून उष्ट्याचे गुणगान करता येणार नाही. तेलाचेही तेच होत आले. मोठ्या हॉटेलात पुन्हापुन्हा तापवून काळे पडलेले तेल फेकले जात नाही. ते स्वस्तात खाली झिरपते, हातगाडीवरच्या कढईत पुन्हा तापते आणि स्वस्त खाणाऱ्याच्या पोटात जाते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८पासून तेल तापवताना त्यात वाढत जाणाऱ्या ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्यापुढचे तेल बायोडिझेलकडे वळवण्याची योजना आणली. या योजनेत मला धर्माच्या दृष्टीने काही नवे घडताना दिसते: उष्टे खाण्याची पाळी इथे गरिबावर न येता गाडीवर येते. अर्थात, हातगाडीवाल्याचे स्वस्त तेल गेले तर त्याला ताजे तेल परवडेल अशी सोय केल्याशिवाय ही योजना अर्धवटच म्हणावी लागेल.

याही मार्गाला दोन हरकती आहेत आणि दोन्ही भक्कम आहेत. पहिली फसवणुकीची. उरलेल्या तेलाला अनुदान आणि मान मिळू लागला की त्याचा भाव कधी ताज्या पामतेलाच्याही वर जातो, आणि मग ताज्यालाच उष्टे म्हणून विकण्याचा मोह होतो. आशियातून येणाऱ्या अशा मालाबद्दल युरोपात गंभीर संशय घेतला गेला आहे. आपल्याकडे तर बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेले विकणाऱ्यांवर छापे पडलेले आहेत. दुसरी हरकत मोजमापाची, आणि ती निर्णायक आहे. २०१९मध्ये सरकारचा अंदाज होता की मोठ्या खानावळी-कारखान्यांकडून गोळा होणाऱ्या तेलातून वर्षाला सुमारे ११० कोटी लिटर बायोडिझेल बनेल. देशात वर्षाला दहा हजार कोटी लिटरहून अधिक डिझेल जळते. म्हणजे प्रामाणिक उष्टे पुरते ते जेमतेम एका टक्क्याला. उरलेले चार टक्के हवे असतील तर ते शेतातून, गायरानातून किंवा परदेशातल्या जंगलातूनच येणार.

या आकड्यावर बहुतेक लोक म्हणतात, मग उष्ट्याचा उपयोग काय, एका टक्क्याने हवामान थोडेच बदलणार. मी उलटे म्हणेन. चूक एका टक्क्यात नाही, पाचाचा आकडा आधी ठरवण्यात आहे. लक्ष्य आधी आणि तेल मागून, हा क्रमच अधर्म्य आहे, कारण त्यात टाकीची भूक ठरलेली असते आणि ताटाने तिच्याशी जुळवून घ्यायचे असते. उलट, जेवढे खरोखर उरले तेवढेच मिसळावे, आणि बाकीची कपात डिझेलच कमी जाळून करावी: मालवाहतूक रेल्वेवर नेऊन, बस वाढवून, लहान अंतराला गाडी न काढून. यात पुण्याचा डंका वाजत नाही, म्हणून धोरणकर्त्यांना हे आवडत नाही.

सरकारकडे मागायचे ते फार अवघड नाही. मिश्रणाचे दरवर्षीचे प्रमाण त्या वर्षी प्रत्यक्ष गोळा झालेल्या वापरलेल्या तेलावरून ठरवावे, आणि पंपावर टक्केवारीच्या शेजारी ते तेल कुठून आले हेही लिहावे: वापरलेले, अखाद्य, की पाम. तशी पाटी लागेपर्यंत ग्राहकाने पंपावर आणि तेलकंपनीला पत्र लिहून एकच प्रश्न विचारत राहावे: यात कोणाचे तेल आहे?